नेपल्समध्ये भेटलेले माहेर

बार्शीच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांची अडत चालविणाऱ्या अण्णांनी चाळीस वर्षांत दुकानाकडे सलग आठ दिवस पाठ फिरविली, असे कधी घडले नव्हते. शिखरजीची यात्रा झाली तीही तुरीचा हंगाम सरल्यावर आणि परतीचे तिकीट आधी काढून. त्यामुळे लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त मुलांनी आणि सुनांनी परदेशप्रवासाचा घाट घातला, तेव्हा अण्णांनी आधी खर्च विचारला आणि मग दिवस. बेत दोन होते, स्वित्झर्लंड किंवा भूमध्य समुद्रातील जहाजाची सफर. माईंना कोणी विचारले नव्हते. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. विचारण्याची त्या घरात पद्धतच नव्हती. तथापि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहून माई म्हणाल्या, "जहाजच असू द्या." का, ते कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

मे महिन्याच्या मध्यास तीस जणांच्या जथ्याबरोबर दोघे बार्सिलोनास पोहोचले. सामानात खाखरे, राजगिऱ्याचे लाडू आणि लसूण न घातलेली शेंगांची चटणी होती. माईंना खरी चिंता होती ती सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची. ही चिंता युरोपच्या सूर्यानेच दूर केली. त्या दिवसांत तिकडे सूर्य मावळतो तो रात्री आठ वाजल्यानंतर. जहाजावरील जेवणाची पहिली पंगत सायंकाळी सहाला बसे आणि आगाऊ कळविल्यामुळे कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य केलेले ताट येई. जेवण आटोपून डेकवर तासभर बसले तरी ऊन हटत नसे. बार्शीत पाच मिनिटे उशीर झाला की ज्या धावपळ करीत, त्या माई इथे निवांतपणे समुद्र पाहत बसत.

बार्सिलोनातील सग्रादा फमिलिया हे मंदिर अण्णांनी व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले. १८८२ साली पायाभरणी झाली, दुसऱ्याच वर्षी गाउदी या स्थापत्यकाराने ते काम हाती घेतले आणि १९२६ साली ट्रामच्या अपघातात त्याचा अंत होईपर्यंत सोडले नाही. बांधकाम आजतागायत चालूच आहे. खर्च भाविकांच्या देणगीतून आणि आता प्रेक्षकांच्या तिकिटांतून भागतो, हे ऐकून अण्णांना गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची पावतीपुस्तके आठवली. पूर्वेच्या काचांतून निळाहिरवा प्रकाश आत उतरत होता. माई त्या प्रकाशात हात धरून उभ्या होत्या. अण्णा दुकानाला फोन लावण्यासाठी बाहेर गेले होते.

हा फोन म्हणजे त्या सफरीतील एक स्वतंत्र प्रकरण होते. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की मोबाइल उपग्रहामार्फत चालणारे जहाजावरचे जाळे पकडतो आणि त्याचे दर डोळे पांढरे करणारे असतात. पहिल्याच रात्री तुरीचा भाव ऐकण्यासाठी अण्णा चार मिनिटे बोलले आणि कित्येक पोत्यांची अडत त्या चार मिनिटांत गेली. त्यानंतर त्यांनी नियम केला की फोन करायचा तो बंदरावर उतरल्यावरच. तिकडे सकाळचे नऊ म्हणजे बार्शीत दुपारचे साडेबारा, सौद्यांची वेळ. मार्सेलिसच्या टेकडीवरील चर्चमध्ये खलाशांनी नवस फेडताना टांगलेली लहान लहान जहाजे माई एकट्यानेच पाहून आल्या.

जिनोव्यात मात्र अण्णांची कळी खुलली. बंदराला लागूनच सान जॉर्जो हा जुना वाडा आहे. १४०७ साली स्थापन झालेली, जगातील आद्य बँकांमध्ये गणली जाणारी पेढी तिथे चालत असे. याच शहराच्या नगरसभेच्या १३४० सालच्या वह्यांत जमा आणि नावे समोरासमोर मांडणारी दुनोंदी पद्धत आढळते, असे मार्गदर्शकाने सांगताच अण्णांनी त्याला रोजमेळ आणि खतावणी म्हणजे काय, हे हातवारे करून समजाविण्याचा प्रयत्न केला. त्याला कितपत कळले, हा भाग वेगळा. माईंनी जिनोव्याची ओळख वेगळ्या वाटेने करून घेतली. एका अरुंद गल्लीत भट्टीतून निघालेली मोठी परात त्यांनी पाहिली. वास ओळखीचा होता. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढ्याच ऐवजावर भाजलेला तो पदार्थ, फारिनाता. कांदा नाही याची दोनदा खात्री करून त्यांनी तुकडा तोंडात घातला. "अहो, हे तर आपले धिरडे," त्या म्हणाल्या. हरभरा हा अण्णांच्या दुकानातला माल असल्याने त्यांनीही दोन तुकडे घेतले.

रोमसाठी चिवितावेक्किया बंदरावर उतरून तासाभराहून अधिक प्रवास करावा लागतो. एका दिवसात ते शहर पाहणे म्हणजे गर्दीच्या दिवशी लांबून घेतलेले मुखदर्शन. पाय दुखले, एवढे दोघांनाही आठवते.

पाचव्या दिवशी जहाज नेपल्सला लागले. सकाळी सर्वांना पाँपेई दाखविण्यात आले. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले हे नगर अण्णांना परके वाटलेच नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने आणि प्रत्येक दुकानाच्या दगडी उंबऱ्यात एक लांब खाच. ती कशासाठी, हे सांगण्याची मार्गदर्शकावर वेळ आली नाही. "फळ्या सरकवायला," अण्णा म्हणाले. वडिलांच्या हयातीत त्यांच्या दुकानालाही फळ्याच होत्या आणि रोज रात्री त्या क्रमाने लावण्याचे काम लहानपणी अण्णांकडेच असे. पुढे समजले की येथील एका घराच्या प्रवेशाशी जमिनीवर 'नफ्या, तुझे स्वागत असो' अशा अर्थाची अक्षरे आहेत. चौकटीवर शुभ-लाभ लिहिणाऱ्या घरातील या माणसाला हसू आवरेना.

दुपारी एक वाजता बस बंदराकडे परतली. मंडळी जहाजावर जेवून मग बाजारात जाणार होती. सायंकाळी सहाला जहाज सुटणार आणि साडेपाचच्या आत परतणे बंधनकारक. जथ्याबरोबर न राहता स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही, हे पुन्हा बजावण्यात आले. त्याच वेळी माईंनी पर्समधून घडी घातलेले वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले. कागद पिवळा पडला होता.

"मला हे पाहायचे आहे. इथल्या संग्रहालयात आहे. याच्यासाठीच मी जहाज म्हटले होते."

कात्रणात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे चित्र होते. १९३८ साली पाँपेईच्या उत्खननात, एका घरात ती सापडली. घडण निःसंशय भारतीय. आणि मजकुरात लिहिले होते की अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात तेर येथेही मिळालेली आहे. तेर हे माईंचे माहेर.

अण्णांनी घड्याळ पाहिले. टूर मॅनेजरने मान हलविली. चाळीस वर्षांत वेळेचा हिशेब कधी चुकू न देणाऱ्या अण्णांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "चल."

बंदराजवळच्या मुनिचिपिओ स्थानकापासून संग्रहालय मेट्रोने तिसऱ्या स्थानकावर आहे. तिथपर्यंत सारे सुरळीत झाले. आत मात्र दालनामागून दालन लागू लागले. प्रचंड पुतळे, पाँपेईहून आणलेली रंगीत खड्यांची चित्रे, पण मूर्ती कुठेच नाही. तीन वाजले. भाषा कोणाचीच जुळेना. अखेर एका वयस्क पहारेकऱ्यापुढे माईंनी कात्रण धरले. त्याने ते निरखून पाहिले, माईंकडे पाहिले, नंतर त्यांच्या नऊवारीकडे, आणि बोटाने खूण करीत तो पुढे चालू लागला. ज्या लहान दालनात त्याने त्यांना नेले, तिथल्या इतर वस्तू कुटुंबासमवेत पाहण्याजोग्या नाहीत; दोघेही खाली मान घालून थेट त्या काचेपाशी गेले.

मूर्ती वीतभर उंचीची. दोन्ही बाजूंना लहान सेविका, गळ्यात हार, मनगटापासून वर चढत गेलेली कंकणे, पायांत जड वाळे. दोन हजार वर्षांपूर्वी कोण्या व्यापाऱ्याने ती बांधून पाठविली असेल? ती तेरचीच, असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. काही अभ्यासक तिचे नाते तेर-भोकरदनच्या कलेशी जोडतात, एवढेच. पण तेरचा, म्हणजे जुन्या तगरचा, माल पैठणप्रमाणेच बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जाई, हे एका ग्रीक नाविकाने त्या काळी लिहून ठेवले आहे. कापडाचे गठ्ठे, मलमल. म्हणजे बाजार होता, तोलणारे होते आणि भाव विचारणारे होते.

"आम्ही लहान असताना," माई काचेकडे पाहतच बोलू लागल्या, "पहिला पाऊस झाला की पांढरीवर मणी उघडे पडायचे. शंखाच्या बांगड्यांचे तुकडेही. आजी सांगायची, खाली बघून चाला, मुंगी मरेल. म्हणून मी खाली बघायचे. म्हणून मलाच जास्त सापडायचे."

"मग कुठे आहेत ते?"

माई काही बोलल्या नाहीत. अण्णांना मग हळूहळू आठवले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची साफसफाई, एक पत्र्याची डबी, आत रंगीत खडे. 'हे खडे कशाला जपायचे?' हे शब्द त्यांचे स्वतःचेच होते. डबी कचऱ्याबरोबर गेली होती. नव्या सुनेने तेव्हाही काही म्हटले नव्हते.

अण्णा वाकून काचेजवळ गेले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ पाहत राहिले. घड्याळाची आठवण या वेळी माईंनाच करून द्यावी लागली.

परतताना मेट्रोच्या एका फलाटावरून दुसऱ्यावर जाण्यात वीस मिनिटे गेली. बंदराच्या फाटकापासून जहाजापर्यंत माई गुडघा सांभाळीत, अण्णांचा दंड धरून जवळजवळ धावतच आल्या. ओळखपत्र यंत्राला लावले तेव्हा पाच वाजून बावीस मिनिटे झाली होती. सहाच्या पंगतीला दोघे वेळेवर बसले. त्या दिवशी अण्णांनी दुकानाला फोन केला नाही, हे त्यांच्या ध्यानात आले ते दुसऱ्या दिवशी भर समुद्रात, आणि तेव्हा फोन करणे परवडणारे नव्हते. तो संपूर्ण दिवस पाण्यावरच गेला. माई तेरविषयी बोलत होत्या आणि अण्णा मधून मधून प्रश्न विचारीत होते. नदीला पूर यायचा का, शाळा कोणत्या आळीत होती, आजीचे माहेर कुठले. चाळीस वर्षांत ते तेरला अनेकदा गेले होते, परंतु सकाळी जाऊन संध्याकाळी परत. सासरी मुक्काम असा कधी केलाच नव्हता.

जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर अण्णांनी मुलाला सांगितले की आपण दोन दिवस दुकानात येणार नाही. तेरला पोहोचल्यावर दोघांनी प्रथम जैन मंदिरात दर्शन घेतले, मग लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले गावचे वस्तुसंग्रहालय पाहिले. रात्री मुक्काम केला. सकाळी ऊन वर आल्यावर, माती थोडी वाळल्यावर, माई त्यांना पांढरीकडे घेऊन गेल्या. अण्णा मागून चालत होते, खाली पाहत, पाऊल जपून टाकीत.