माथेरानचा घाट आणि आमची येझदी

नेरळपासून दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाटरस्ता जेमतेम आठ-नऊ किलोमीटरचा, पण तेवढ्यात गाडीला सातशे मीटरच्या आसपास चढावे लागते. पुढे माथेरानात मोटारींना बंदी आहे, मोटारसायकललाही. दस्तुरीला गाडी लावायची आणि पायी निघायचे. २०२५ च्या पावसाळ्यात आमची येझदी दस्तुरीपर्यंतही धड पोचत नव्हती. त्या भानगडीत एका मुलाला आम्ही चारचौघांत नको ते बोललो. ते आज लिहायचे आहे.

गाडी १९७८ ची. वडिलांनी फंडातून कर्ज काढून सेकंडहँड घेतलेली. ज्या म्हैसूरच्या कारखान्यात ती तयार झाली तो १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ पासून त्याच नावाच्या नव्या गाड्या बाजारात आल्या आहेत, पण त्या फोर स्ट्रोक. आमची टू स्ट्रोक, दोन सायलेन्सरची, आणि किक व गिअर यांचा दांडा एकच. नवखा माणूस किक शोधत बसतो! याच गाडीवरून वडील लग्नाला, मयताला, सभेला तालुकाभर फिरले. त्यामुळे ती विकायचा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही.

दुखणे असे होते. कर्जत-नेरळ सपाटीवर गाडी छान चाले. घाटात तीन-चार किलोमीटर चढली की आवाज पातळ होई, ओढ जाई आणि दोन आचके देऊन ती बंद पडे. दहा मिनिटे थांबले की पुन्हा चालू. पुन्हा दीड-दोन किलोमीटर गेली की तेच.

जुन्या गाडीला काहीही झाले की सगळ्यांचे बोट कार्बोरेटरकडे जाते. आमचेही गेले, आणि त्याला कारण होते. मे महिन्याच्या अखेरीस एका लहान गॅरेजात आम्ही कार्बोरेटर साफ करून घेतला होता. गॅरेज चालवणारा मुलगा विशी-बाविशीतला, आयटीआय झालेला. जूनपासून दुखणे सुरू. मग दोष कोणाचा? हिशेब सरळ होता.

आम्ही त्याच्याकडे गेलो. त्याने विचारले, "काका, अॅक्सिलरेटर किती उघडा असताना बंद पडते?" प्रश्न बरोबर होता. अॅक्सिलरेटर जरासा उघडा असतो तेव्हा पेट्रोल पायलट जेटमधून येते, मधल्या टप्प्यात ते सुईवर ठरते आणि पूर्ण उघडला की मेन जेटवर. घाटात अॅक्सिलरेटर अर्ध्याच्या वर असतो. म्हणून त्याने मेन जेट पुन्हा फुंकून पाहिला आणि सुईची क्लिप एक खाच खाली घेतली. त्याने सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त जाते. झाले काय, तर सपाटीवर काळा धूर आणि घाटात तेच रडगाणे.

दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "काका, आता बंद पडली की जागेवरच प्लग काढून बघा. इथे आणल्यावर काही कळणार नाही." आम्हाला ही टाळाटाळ वाटली. चार गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यादेखत आम्ही म्हणालो, "तुझ्या हाती गाडी दिली तिथेच चुकलो. आधी धड शिकून तरी ये." तो काही बोलला नाही. घेतलेल्या मजुरीतले शंभर रुपये त्याने फळीवर ठेवले. आम्ही ते उचलून खिशात घातले.

मग दुसऱ्या ठिकाणी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळे बदलले. तापल्यावर कॉइल दगा देते आणि निवल्यावर चालते, हे खरे आहे, लक्षणही तसेच दिसते. पण ठिणगी जाते की पेट्रोल जाते, हे कोणी पाहिलेच नव्हते. चौदाशे रुपये गेले, दुखणे राहिले. आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ म्हणाले, वर हवा विरळ असते त्याचा हा परिणाम. पण हवा विरळ झाली तर पेट्रोलचे प्रमाण उलट वाढते. प्लग काळा पडायला हवा. शिवाय गेली कित्येक वर्षे हीच गाडी हाच घाट चढत होती.

त्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करायला सांगितले. वरच्या काही रिक्षावाल्यांची कागदपत्रे जुळवून द्यायचे काम आमच्याकडे होते. सप्टेंबरातल्या एका रविवारी ती पिशवीत घेऊन निघालो. जुम्मापट्टीच्या वर गाडी बंद. पाऊस चालू, वर माणसे खाडा करून थांबलेली. चिडून उपयोग नव्हता. तेव्हा त्या मुलाचे शब्द आठवले.

प्लग काढला. कोरडा ठणठणीत, टोक पांढुरके. इंजिनाला टेकवून किक मारली तर ठिणगी निळी, कडक. म्हणजे करंट ठीक. कार्बोरेटरवरचा टिकलर दाबला. एरवी पेट्रोल लगेच बाहेर झिरपते, आता एक थेंब नाही. कॉक रिझर्व्हवर केला, तरी नाही. टाकीत आहे तरी किती, म्हणून झाकण उघडले आणि 'सूऽऽस' करून टाकीने हवा आत ओढली. पुन्हा टिकलर दाबला तर पेट्रोल बोटांवरून वाहू लागले.

झाकण उलटे करून पाहिले. आत दुधाच्या पिशवीचा तुकडा दुमडून बसवलेला होता. बसवला आम्हीच होता. वायसर झिजल्यामुळे टाकीत पाणी जाईल म्हणून, जूनच्या पहिल्या पावसात.

झाकणाला टाचणीच्या टोकाएवढे एक भोक असते. टाकीतले पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा त्यातून वर आत यावी लागते. ती आली नाही तर वरच्या बाजूस पोकळी होते आणि पेट्रोलची धार आटते. कडेने थोडी हवा शिरत होती म्हणून सपाटीवर भागत होते. घाटात गाडी जास्त पिते, तेव्हा पुरत नव्हती. दहा मिनिटे थांबले की हवा हळूहळू आत झिरपे, म्हणून गाडी बरी झाल्यासारखी वाटे. आणि टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले, आम्ही लिटरला ४० मिली घालतो. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. पिस्टन जॅम झाला नाही, हे नशीबच म्हणायचे.

आम्ही बी.कॉम. झालेलो. तेरीज जुळली नाही तर फरक कोणत्या तारखेपासून आला ते आधी पाहतो, मग त्या तारखेच्या सगळ्या नोंदी तपासतो. इथे त्या आठवड्यात दोन नोंदी होत्या, एक त्याची, एक आमची. आम्ही त्याचीच तपासली.

त्या दिवशी गाडी एका दमात दस्तुरीला पोचली. तिथून पायी बाजारपेठेत गेलो, तेव्हा माणसे एका दुकानाच्या वळचणीला बसूनच होती. कागद दिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गॅरेजात गेलो. तीन गिऱ्हाइके होती. ती जाईपर्यंत थांबावे असे एकदा मनात आले, पण बोललो होतो ते लोकांसमोर. म्हणून पिशवीचा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला, काय घडले ते सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, आणि "चूक आमची होती, माफ कर बाबा," म्हणालो. शंभराची नोट फळीवर ठेवली.

तो तुकडा त्याने उजेडात धरून पाहिला. एक गिऱ्हाईक हसले, तो हसला नाही. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो येझदीपाशी बसला.

"सुईची क्लिप परत वरच्या खाचेत घ्यावी लागेल, काका. मी खाली केली होती ना. आणि वायसर नवा टाका, दहा रुपयाला मिळतो."

वायसर त्याच्याकडेच होता.