सुट्या शब्दांचा आग्रह

बालवाडीत शिकवण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आणि एक मत मी नेहमी ठासून मांडत आले. बाळाला शब्द द्यायचा तर तो सुटा, स्पष्ट आणि सावकाश उच्चारून द्यावा. चेंडू समोर धरायचा आणि म्हणायचं फक्त ‘चेंडू’. पालकसभेत मी हेच सांगायचे, चित्रांचे तक्ते वाटायचे. घरातली अखंड बडबड, एकमेकांवर चढलेले आवाज, स्वयंपाकघरातून माजघरात मारलेल्या हाका, यातलं तान्ह्या मुलाच्या पदरात काही पडत नाही अशी माझी खात्री होती. आज ती राहिलेली नाही.

याची सुरुवात माझ्या नातीपासून झाली. ती भरल्या घरात वाढली. बोलू लागण्याच्या कितीतरी आधी, ‘अगं बाई, हिचं टोपडं कुठं टाकलंत तुम्ही?’ असं कुणी कुणाला तरी विचारलं, की ती टोपड्याकडे मान वळवायची. तिला कुणी तो शब्द सुटा करून शिकवलेला नव्हता. लेकीला मी तक्ते आणून दिले होते, ते तसेच पडून होते. ‘आई, तिला रोजच्या कामातच कळतंय गं सगळं,’ ती म्हणाली. मला ते पटलं नाही, पण मी या विषयावर वाचायला लागले.

पहिला धक्का बसला तो एका साध्या गोष्टीने. बोलताना दोन शब्दांच्या मध्ये आपण थांबतच नाही. लिहिताना जागा सोडतो, म्हणून ऐकतानाही ती ऐकू येते असं वाटतं. अनोळखी भाषा कानावर पडली की ती सलग पट्टीसारखी ऐकू येते, तशीच तान्ह्या बाळाला सगळी भाषा ऐकू येत असणार. मग शब्द कुठे सुरू झाला, कुठे संपला, हे त्याला कळतं कसं?

१९९६ साली जेनी सॅफ्रन, रिचर्ड अ‍ॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट या संशोधकांनी आठ महिन्यांच्या मुलांना संगणकाने तयार केलेला सलग आवाज ऐकवला. त्यात तीन-तीन अक्षरांचे अर्थहीन ‘शब्द’ गुंफलेले होते. मध्ये विराम नाही, आघात नाही, चढउतार नाही. फक्त दोन मिनिटं. एवढ्यावर मुलांनी खरे ‘शब्द’ आणि दोन शब्दांच्या सांध्यावर तयार झालेले तुकडे वेगळे ओळखले. कोणत्या ध्वनीमागून कोणता ध्वनी हमखास येतो, हे त्यांनी टिपलं होतं. आपल्या घरातलं पाहा ना: भाकरी खा, भाकरी थाप, भाकरी करपली. ‘भाक’च्या मागे ‘री’ ठरलेली, पण ‘री’च्या पुढे काय येईल ते दर वेळी वेगळं. शब्दाची कड तिथेच उमटते, आणि ती उमटायला वाहतं बोलणंच लागतं. एकट्या शब्दाला शेजारच नसतो.

आणि मराठीत शब्द वाक्यात गेला की रूपही बदलतो. माझ्या तक्त्यावर ‘दूध’ होतं. घरात मात्र दुधाची बाटली असते, दुधात साखर असते, दुधावर साय असते. हे सगळं एकाच पांढऱ्या पेयाबद्दल चाललंय हे मूल तक्त्यावरून कसं शिकणार? हा विचार मला वर्गात कधी सुचला नाही, याची आज खंत वाटते.

अर्थाच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचं वाटलं ते एलिका बर्गेल्सन यांचं काम. त्यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टर भागातल्या कुटुंबांच्या घरी जाऊन बाळांच्या आसपासचं रोजचं बोलणं आणि वावर ध्वनिचित्रमुद्रित केला. त्यांनी आणि अ‍ॅस्लिन यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की ज्या घरांत एखाद्या वस्तूचं नाव घेताना ती वस्तू बऱ्याचदा बाळासमोर असायची, त्या घरांतल्या सहा महिन्यांच्या मुलांना शब्द अधिक चांगले कळत होते. नातीचं टोपडं मला तेव्हा उलगडलं. ते शोधलं जायचं, सापडायचं, डोक्यावर चढायचं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी त्याचं नाव घेत असायचं.

माझं जुनं मत सगळंच मोडीत निघालं असं मात्र नाही. ब्रेंट आणि सिस्किंड यांनी २००१ मध्ये आयांचं बोलणं तपासलं, तेव्हा तान्ह्यांशी बोलताना साधारण नऊ टक्के उच्चार एकशब्दी निघाले. जे शब्द असे एकटे जास्त कानावर पडले, ते पुढे मुलांना येण्याची शक्यताही जास्त होती. पण त्या आया शिकवायला बसलेल्या नव्हत्या. ओघात बोलता बोलता ते शब्द सुटे पडले होते.

गोंगाटाबद्दलही मी जुन्या मतावर थोडी ठाम आहे, फक्त आता कारण वेगळं आहे. न्यूमन आणि जुसिक यांच्या १९९६ च्या प्रयोगात साडेसात महिन्यांच्या मुलांना दोन आवाज एकदम ऐकवले. ऐकायचा आवाज दुसऱ्यापेक्षा ५ डेसिबलनेच मोठा असला तरी त्यांना त्यातले शब्द ओळखता आले. दोन्ही सारखेच मोठे झाले तेव्हा जमलं नाही. मोठ्या माणसाला तेवढ्या गलक्यातही समोरच्याचं बोलणं धरता येतं, तान्ह्याला नाही. दिवसभर कुणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही मला म्हणूनच खटकतो. घरातल्या माणसांची बडबड मला आता खटकत नाही. बाळाला भरवणारी, न्हाऊ घालणारी बाई जे काही बोलते ते त्याच्या अगदी जवळून बोलते, आणि वाटी, तांब्या, पाणी तिथेच असतं. टीव्हीतल्या आवाजाजवळ यातलं काही नसतं.

हल्ली नव्या आया सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी तक्ते देत नाही. भरवताना टीव्ही बंद करायला सांगते, आणि काय भरवताय ते बोलत राहायला सांगते.