हात लावून पाहा

नागपूर म्हटले की आम्हा पुसदकरांना ऑक्टोबर महिना आठवतो. दीक्षाभूमीवर जायचे, इंदोऱ्यात मावसबहिणीकडे एक रात्र काढायची आणि परतायचे. मुलांना नागपूर ते एवढेच ठाऊक. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र त्यांना रमण विज्ञान केंद्र दाखवायचे ठरविले. थोरली आठवीत, धाकटा पाचवीत. सोबत सासूबाई. ‘मले काय समजते त्यातलं?’ असे म्हणतच त्या एस.टी.त चढल्या.

दिग्रस, यवतमाळ करीत गणेशपेठ स्थानकावर उतरेपर्यंत दुपार झाली. केंद्र तेथून जवळच, गांधीसागर तलावापाशी आहे. मार्च १९९२ मध्ये ते सुरू झाले, तारांगणाची भर १९९७ साली पडली. ज्यांचे नाव त्याला दिले ते सी. व्ही. रामन १९१० च्या सुमारास नागपुरातच सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते. प्रकाशाच्या विखुरण्याचा त्यांचा शोध १९२८ चा, कलकत्त्यातला. नोबेल १९३० चे. हिशेबाची नोकरी करणारा माणूस असा शोध लावू शकतो, हे मुलांना मी मुद्दाम सांगितले.

धाकटा पहिल्याच यंत्रापाशी थबकला. ‘आई, हात लावू काय?’ त्याचे काय चुकले? माझ्या शाळेत प्रयोगाचे साहित्य काचेच्या कपाटात कुलूपबंद असे. लोलक मी दहावीपर्यंत फक्त आकृतीत पाहिला. त्या आकृतीला गुण मात्र पैकीच्या पैकी मिळाले!

येथे हात लावल्याशिवाय काही कळतच नाही. दोन मोठ्या तबकड्या दूर अंतरावर समोरासमोर उभ्या. एकीच्या नेमक्या मध्यापुढे तोंड नेऊन धाकटा पुटपुटला आणि दुसरीपाशी उभ्या असलेल्या थोरलीला ते स्पष्ट ऐकू आले. तबकडीची खोलगट बाजू आवाज गोळा करून सरळ समोर धाडते, दुसरी तो पुन्हा एका ठिकाणी आणते. वक्र आरशांपुढे तर दोघे हसून हसून बेजार. खरे सांगायचे तर बरीच मुले कळ दाबतात आणि पळतात, बाजूची पाटी कोणी वाचत नाही. म्हणून मी एक नियम केला : पाटी वाचल्याशिवाय पुढे जायचे नाही. थोरली चिडली, पण वाचू लागली.

कप्प्यांच्या खुर्चीपाशी मात्र सासूबाईच थांबल्या. खुर्चीत बसायचे आणि दोर ओढून स्वतःच स्वतःला वर उचलायचे. ‘हा तं रहाटच हाय,’ त्या म्हणाल्या. लहानपणी गावच्या विहिरीच्या रहाटाला त्यांना हात लावू देत नसत. कोणी वरून पाणी ओतेपर्यंत घागर घेऊन लांब उभे राहावे लागे. हे मुलांनी पूर्वी ऐकले होते, म्हणून दोघेही गप्प झाले. सासूबाई पदर खोचून खुर्चीत बसल्या आणि दोर ओढू लागल्या. वीतभर, मग हातभर वर गेल्या. ‘जोर तं लागतच नाही वं!’

थोरलीने पाटी वाचून समजावले. विहिरीची एकच कप्पी फक्त ओढण्याची दिशा बदलते, वजन तेवढेच राहते. वजनाबरोबर सरकणारी कप्पी जोडली की ते दोराच्या दोन पदरांवर वाटले जाते. जोर निम्मा लागतो, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. ‘म्हंजे फुकट काहीच नाही,’ सासूबाई म्हणाल्या. यापेक्षा नेमके उत्तर आमच्या विज्ञानाच्या मास्तरांनीही दिले नसते.

तारांगणात धाकटा झोपी गेला. पहाटे चारला उठला होता बिचारा.

पुसदला आल्यावर थोरलीने हार्डवेअरच्या दुकानातून दोन कप्प्या आणायला लावल्या. अंगणातल्या कडुनिंबाला एक बांधली, दुसरी बादलीच्या कडीत अडकविली. पहिला दिवस दोर अडकण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी भरलेली बादली वर आली. शेजारची पोरेही ओढायला आली. सासूबाई ओट्यावरून ओरडत होत्या, ‘अरे, एकेकानं या, सगळ्यायले ओढू देतो!’