लाईट गेल्यावर काय चालतं?

मी मूळचा हॉटेलातला. गोव्यात हरमलला एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर होतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, पाहुणे मिळेल त्या विमानाने गेले आणि आमचा पगार थांबला. घर डिचोलीत, पण तिथे २०१८ पासून खाणी बंद होत्या. शेजारपाजारच्या अंगणांत ट्रक गंजत उभे, तिथे काम मागणार कोणाकडे? पावसाळ्याच्या तोंडावर ओळखीच्या एका दादांनी बोलावलं. त्यांचा सोलरचा छोटा धंदा होता: एक गोदाम, एक पिकअप, हाताखाली चार माणसं. गिऱ्हाईक मुख्यतः पेडण्याच्या किनाऱ्यावरची हॉटेलं. गरम पाण्याचे सोलर बंब बसवायचे, दुरुस्त करायचे. हॉटेलंच बंद पडल्यावर बंब कोणाला हवेत?

"आता घरांवर पॅनेलं बसवू," दादा म्हणाले. "तुला लोकांशी बोलता येतं ना? मग झालं."

बोलायचं काय, हेच मला कळत नव्हतं. किलोवॅट म्हणजे काय नि युनिट म्हणजे काय, इथूनच सुरुवात. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात आणि पावसात बरीच कमी, एवढं मी पाठ केलं. सर्व्हेला जायची सोय नव्हती. अनोळखी माणसाला घरात कोण घेणार? मग दादांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवायला सुरुवात केली: छप्पर, मीटर आणि विजेचं बिल. लोक छपराऐवजी माडाचा नि आभाळाचा फोटो पाठवायचे. मी हसायचो. दादा मात्र तो माडच बारकाईने बघायचे. पॅनेलं एकामागोमाग एक जोडलेली असतात. दुपारी एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटू शकते, हे तेव्हा समजलं. मंगळुरी कौलांचं घर असेल, तर दादा आधी गोठ्याचा पत्रा किंवा न्हाणीवरचा स्लॅब दाखवायला सांगत.

आमचे मुख्य फिटर दोडामार्गचे. एरवी रोज स्कूटरवरून यायचे, ते राज्याची हद्द बंद झाल्यावर पलीकडेच अडकले. एका सकाळी चेकनाक्याच्या आडव्या बांबूवरून त्यांनी आपली हत्यारांची पिशवी माझ्याकडे दिली. पोलीस बघत होता, काही बोलला नाही. त्यानंतरचं माझं शिक्षण व्हिडिओ कॉलवर. केबलचं टोक सोलायचं, तांब्याची तार पिनेत घालायची, क्रिम्पिंगचा चिमटा दाबायचा, पिन कनेक्टरमध्ये सरकवायची. "टक्क ऐकू आलं?" फोनमधून प्रश्न यायचा. आवाज आल्याशिवाय पुढे जायचं नाही. नाहीतर सैल जोड तापतो आणि जळतो.

सगळ्यात भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पॅनेलला बटण नसतं. ऊन पडलं की वीज सुरू. तीन किलोवॅटची नऊ पॅनेलं ओळीने जोडली की चारशे व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो, तोही डीसी. म्हणून खालचा स्विच बंद ठेवून शेवटचा जोड सगळ्यात शेवटी करायचा.

कोरगावात एका घरी काम संपत आलं होतं. म्हातारी आजी पडवीतून विचारती झाली, "लायट गेल्यार तें चलतलें?" मी दादांना फोन लावला. ते म्हणाले, "नाही." मला वाटलं, थट्टा करतायत. डोक्यावर वीज तयार होतेय आणि घरात अंधार? पण ते खरं होतं. नेट मीटरवाली साधी यंत्रणा वीज खात्याच्या लाईनीशी जोडलेली असते. लाईन गेली की पॅनेलची वीज घराच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. तसा झाला नाही, तर छपरावरची वीज उलटी तारांत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर बेतेल.

मे २०२१ मध्ये संचारबंदी चालू असतानाच तौक्ते वादळ आलं. झाडं पडली, खांब आडवे झाले. दोन दिवसांनी ऊन पडलं आणि आमचा फोन थांबेना. कोणाची मुलं ऑनलाईन वर्गात, कोणाचं ऑफिस घरात, कोणाकडे आजारी माणूस. सगळ्यांचा प्रश्न तोच, कोरगावच्या आजीचा. हॉटेलवाल्यांनी तो कधी विचारला नव्हता. त्यांच्याकडे जनरेटर होते.

त्यानंतर दादांनी कोटेशनचा कागदच बदलला. आता त्यावर दोन रकाने असतात. पहिला फक्त बिल कमी करणारा. दुसरा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचा, त्यात लाईट गेल्यावर काय चालेल ते नाव घेऊन लिहिलेलं: दीडशे अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांवर दोन पंखे, चार दिवे आणि राऊटर रात्रभर. विहिरीचा पंप नाही. तो सुरू होतानाच कितीतरी जास्त करंट ओढतो. सरकारी अनुदान बॅटरीला नाही, हे ऐकल्यावर बरेच जण पहिल्याच रकान्यावर बोट ठेवतात. ठेवू देत. पण दुसरा रकाना मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, हा दादांचा दंडक आहे, आणि तो वाचायचं काम माझं.