धनगरआबांचं देणं

पाखऱ्याची किंमत म्हणून धनगरआबांनी आमच्याकडून एक पैसाही घेतला नाही. दादांनी फारच आग्रह केला तेव्हा शेरभर आंबेमोहोर घोंगडीच्या खोळीत टाकून घेतला, तेवढाच. त्या कुत्र्याबरोबर त्यांनी मला जे दिलं ते मात्र मला जन्मभर पुरलं आहे. आबांचं नाव कुठल्या कागदावर नाही, त्यांच्या माणसांचा पत्ता माझ्याकडे नाही. म्हणून हे लिहून ठेवतो.

बहात्तरच्या दुष्काळाआधीची वर्षं. उर्से तेव्हा पवन मावळातलं भाताचं गाव होतं. द्रुतगती मार्ग नव्हता, टोलनाका नव्हता, कारखाने नव्हते. भात निघालं की खाचरांत हरभरा, मसूर, वाल पेरायचा. खाचरांच्या वर नुसता माळ: कुसळी गवत, करवंदीच्या जाळ्या, मधूनच एखादं हिवराचं झाड. दिवाळीच्या सुमाराला पारनेरकडचे धनगर कोकणात उतरायच्या वाटेवर आमच्याकडे थांबत. रात्री मेंढरं वावरात बसत, जमिनीला लेंडीखत मिळे, बदल्यात आम्ही धान्य देत असू. हा व्यवहार माझ्या आज्याच्या वेळेपासूनचा. भाऊबिजेला आबांचा वाडा आमच्या रानात असला, तर आजी त्यांना ओवाळायची. त्यामुळे धान्याच्या मापावरून आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

वाड्यावर दोन तऱ्हेची कुत्री असत. एक गावठी, दणकट, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेली. ती लांडग्याला अडवायची. दुसरी कारवान. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. हे कुत्रं वासापेक्षा नजरेवर चालतं. लमाणांच्या तांड्यांबरोबर आणि धनगरांच्या वाड्यांबरोबर ते दख्खनभर फिरलं. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली, म्हणून मुधोळ हेही त्याचं नाव पडलं आणि त्याच नावानं २००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. मी ती मुद्दाम जाऊन पाहिली आहे. कुत्र्याचं ऋण मानायला राजालाही कमीपणा वाटला नव्हता.

पाखऱ्या वाड्यावरच्या कारवान कुत्रीचा, वर्षाच्या आतला. एका एडक्यानं त्याला शिंगावर घेऊन फेकलं होतं. तेव्हापासून समोरून काहीही धावत आलं की तो भुईला पोट लावायचा. मेंढरू उसळलं तरी शेपूट पायांत. वाड्यावर भित्रं कुत्रं ठेवून भागत नाही. "ह्यो तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," आबा मला म्हणाले, "तुमच्या हरभऱ्याला राखणबी व्हईल." त्या वर्षी सशांनी हरभऱ्याचे शेंडे रातोरात खुडून टाकले होते आणि दादा कावले होते. ससा मारण्यात तेव्हा गावात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मला वाटलं, उद्याच पाखऱ्याला माळावर न्यायचं. आबांनी तसं होऊ दिलं नाही. पहिले कितीतरी दिवस त्यांनी त्याला पळवलंच नाही. सकाळ-संध्याकाळ ताकात कुस्करलेली भाकरी मी हातानं भरवायची, आणि मग दावं ढिलं धरून मेंढरांच्या कडेकडेनं हिंडवायचं. ज्या एडक्याची भीती बसली होती, तो लांबून दिसेल इतपतच जवळ. रोज थोडं आत. कुत्रं उगाच जांभया देऊ लागलं, ओठ चाटू लागलं की तिथंच थांबायचं. ती झोपेची किंवा भुकेची नाही, भीतीची खूण आहे, हे त्यांनी मला दाखवलं. "भ्यालेल्या कुत्र्याला चुचकारू बी नगं, दटावू बी नगं. त्याच्या शेजारी आपलं काम करत बस." मी दोर वळत बसायचो. पाखऱ्या आधी माझ्याकडे बघायचा, मग मेंढरांकडे, आणि हळूहळू मान खाली टाकायचा.

मग आला चिंधीचा ससा. फाटक्या घोंगडीच्या तुकड्यात भाताचं तूस भरलेलं, वर बोकडाच्या कातड्याची पट्टी, आणि त्याला बांधलेला लांब सोल. सोल धरून मी जीव खाऊन पळायचं, मागं चिंधी उसळत यायची, आणि आबा पाखऱ्याला पट्ट्याला धरून योग्य वेळी सोडायचे. त्यांचा एक नियम फार कडक होता. शेवटी चिंधी कुत्र्याच्या तोंडात गेलीच पाहिजे. तोंडातून ती हिसकायची नाही, भाकरीचा तुकडा पुढं करून सोडवून घ्यायची. आणि आणखी पळायला तो उड्या मारत असतानाच खेळ बंद करायचा. "भूक ठिवून उठव," ते म्हणत. नंतर नंतर ते मला चिंधी वाकडीतिकडी ओढायला लावू लागले, एकदम वळायला लावू लागले. त्याचं कारण मला ससा कळला तेव्हा कळलं.

आपल्याकडचा रानातला ससा बिळात राहत नाही. मानेवर काळा डाग असलेला हा प्राणी गवतात किंवा ढेकळाआड खळगा करून बसतो आणि माणसाचं पाऊल अगदी जवळ पडेपर्यंत हलत नाही. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवून जन्मतात, कारण लपायला त्यांना बीळ नसतं. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, त्यामुळे चढणीला तो कुत्र्याला सहज मागं टाकतो. कुत्रं अंगावर आलं की जागच्या जागी पलटी घेतो, आणि कुत्रं आपल्याच वेगानं पुढं फेकलं जातं. कोवळं कुत्रं खचतं ते इथं. अंगात वेग असून हाती काही लागत नाही, असं लागोपाठ झालं की ते पळायचंच सोडून देतं.

म्हणून आबा जागा पारखून घ्यायचे. चढणीला नाही. खाचरात नाही, कारण बांधावर पाय मोडतो. जाळीच्या जवळ नाही. मेंढरांनी चरून मोकळा केलेला सपाट माळ, भल्या पहाटे, ऊन तापायच्या आत. म्हातारी कुत्री बरोबर न्यावी असं मी सुचवलं, तर म्हणाले, "तिच्या मागं पळाया लागला की जल्मभर मागंच पळंल."

सुरुवातीचे ससे निसटले. दुसऱ्या पलटीला पाखऱ्या भुईवर लोळला, उठला आणि तिथंच उभा राहिला. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. बऱ्याच वेळानं कुत्रं आपणहून आलं. त्याची धाप निवल्यावर आबांनी ओंजळीनं थोडं पाणी पाजलं, चारी पंजे चाचपले, एक काटा काढला. मग स्वतःच्या कमरेला गुंडाळलेला सोल सोडला आणि मला पळायला सांगितलं. पाखऱ्यानं चिंधी पकडली. "रिकाम्या तोंडानं घरी न्यायाचा न्हाय," आबा एवढंच बोलले. दुसरा दिवस विश्रांतीचा.

वाडा कोकणात उतरायच्या आधी पाखऱ्यानं ससा धरला. तिसऱ्या पलटीला तो सशाच्या आधीच त्या बाजूला झुकलेला होता, हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. आबांनी त्याला काळीज काढून दिलं. पण त्यांचा चेहरा खरा फुलला तो त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. तोच एडका वाटेत समोरून आला. पाखऱ्या बाजूला झाला आणि चारी पायांवर उभा राहिला. पोट भुईला लागलं नाही. आबांनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, "ससा ह्याच्यासाठी व्हता."

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढं कधीतरी आबा आले तेव्हा मी त्यांना वर्तमानपत्रातलं वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मंग चिंधी हाय की," म्हणाले. त्यानंतर आम्ही पाखऱ्याला जिवंत सशामागं सोडलं नाही. रात्री तो बांधावर असला की ससे हरभऱ्याकडे फिरकत नसत, आणि दादांना तेवढंच हवं होतं.

पुढं उर्शाच्या शिवारात कारखाने आले. त्यांतल्या एकात मी लागलो, आणि नोकरीच्या उत्तरार्धात शिकाऊ पोरांना मशीनवर तयार करायचं काम माझ्याकडे आलं. एका पोरानं जॉब बिघडवून बोलणी खाल्ली होती. त्यानंतर तो लेथला हातच लावेना. मी त्याच्या शेजारी स्टूल घेऊन माझी कामाची वही भरत बसलो. दुसऱ्या दिवशी त्याला भंगारातली सळई दिली, जिचं कितीही बिघडलं तरी कुणाचं नुकसान नव्हतं. सुट्टी व्हायच्या आत त्याच्या हातून एक सरळ, गुळगुळीत तुकडा उतरेल असं पाहिलं आणि तो त्याला घरी न्यायला दिला. आज तो स्वतः दुसऱ्यांना शिकवतो. तो मला सर म्हणतो तेव्हा मला आबा आठवतात.

२००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. माळाचे प्लॉट पडले, तारा लागल्या, मेंढरं बसवायला वावरं उरली नाहीत. आबा त्याच्या पुष्कळ आधी यायचे थांबले होते. त्यांची मुलं काही वर्षं येत राहिली, मग तीही दुसऱ्या वाटेनं गेली असावीत. आमच्या घरातून त्यांना धान्य जायचं थांबलं, याची मला खंत आहे.

आता तळेगाव-सोमाटणे भागातल्या बंगल्यांच्या फाटकांत मला कारवान कुत्री दिवसभर साखळीला दिसतात. दिसायला देखणी, पण पाऊल वाजलं की दचकणारी. त्यांच्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे. सशामागं त्यांना सोडू नका. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही रानातला ससा संरक्षित आहे आणि त्याची शिकार हा गुन्हा आहे. कुंपण घातलेलं एखादं सपाट रान शोधा, सकाळच्या गारव्यात कुत्र्याला मोकळं करा, दोराला चिंधी बांधून स्वतः पुढं पळा, आणि दमायच्या आत ती त्याला पकडू द्या.