चेहऱ्याचा ताळेबंद

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला माणसाचा चेहरा वाचता येतो, असा एक गोड समज आहे. कर्ज फेडणारा कोण आणि टोपी घालणारा कोण, हे म्हणे आम्ही तोंडावरून ओळखतो! खरं सांगू? आम्हाला फक्त सही ओळखता येते. तीही खातेदारानं नीट केली तर.

चेहरा वाचणं म्हणजे काय, ते गेल्या पावसाळ्यात कळलं. आमचे मेहुणे स्कूटरवरून पडले. डोळ्याखाली वडापावाएवढी सूज. "मुका मार आहे, आंबेहळद लावा," असा निकाल सोसायटीतल्या झाडून साऱ्या तज्ज्ञांनी दिला. मेहुण्यांची तक्रार मात्र निराळीच. वर पाहिलं की त्यांना एका पंख्याचे दोन दिसत. "बिल तर एकाचंच येतंय ना?" म्हणून सासूबाईंनी ते हसण्यावारी नेलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सीटी स्कॅन सांगितला.

चेहऱ्यात १४ हाडं असतात. साध्या एक्स-रेत त्यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. लेजरची सगळी पानं एकदम उजेडापुढे धरून शिल्लक वाचावी, तशातला प्रकार! सीटी एकेक पान उलटतं. पानाची जाडी मिलिमीटरभर, कधी त्याहून कमी. मग तीच पानं रचून संगणक उभा, आडवा, हवा तसा छेद दाखवतो. ही करामत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांची. १९७१ साली लंडनमधल्या विम्बल्डनला पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला गेला, आणि १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळालं. त्यांची मोजपट्टी तर अस्सल बँकेची! पाण्याची शिल्लक शून्य, हवा उणे १०००, म्हणजे चक्क ओव्हरड्राफ्ट, आणि हाड भरघोस जमेत.

मेहुण्यांच्या खात्यात नेमकी इथेच गफलत निघाली. डोळ्याच्या खोबणीची जमीन कागदासारखी पातळ. ती फुटून चरबी खालच्या गालातल्या पोकळीत लोंबत होती. हवेच्या खात्यात चरबी जमा! शिवाय डोळा हलवणारा स्नायू त्या फटीत अडकलेला. तो तसाच राहिला तर कायमचा आखडतो, आणि मग दोन पंखे जन्माचे सोबती. आंबेहळदीला यातलं काहीच दिसलं नसतं.

वेळेवर शस्त्रक्रिया झाली. हळूहळू पंखा एकाचा एक झाला. तेव्हापासून आळीत कुणीही तोंडावर आपटलं, की सासूबाई हळदीचा डबा बाजूला ठेवतात आणि आधी विचारतात, "वर बघ बरं. पंखे किती?"