कोतवाल काका

परवा ऑफिसात जेवताना शाओलिनचा विषय निघाला. टीममधला एकजण नुकताच चीनला जाऊन आलाय, त्याने तिथल्या भिक्षूंचे व्हिडिओ दाखवले. मुंडन केलेली पोरं, हवेत कोलांट्या, आणि कार्यक्रम संपला की कोपऱ्यात बसून मोबाईल. झालं! सगळे हसले. मग कुणाला तरी शी योंगशिन आठवले. १९९९ पासून शाओलिनचे मठाधिपती, एमबीए झालेले, जगभर 'सीईओ भिक्षू' म्हणून प्रसिद्ध. जुलै २०२५ मध्ये पैशांच्या अपहाराच्या आरोपांवरून त्यांची चौकशी सुरू झाली आणि पद गेलं. "साधूला कशाला लागतं रे हे सगळं?" असा एकमताने निकाल लागला आणि मंडळी हात धुवायला उठली.

मी गप्पच होतो. कारण माझा सख्खा काका नागा साधू आहे आणि त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगला फोन आहे.

आम्ही निफाडचे. द्राक्षवाले. काका १९९१ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला गेला तो परत आलाच नाही. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. माझा जन्म नंतरचा, त्यामुळे माझ्यासाठी काका म्हणजे भिंतीवरचा शाळेतला फोटो. केबलवर जेट लीचा 'शाओलिन टेंपल' पाहिल्यावर मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं, की आपला काका पण असाच कुठेतरी डोंगरावर पहाटे उठून लाथा मारत असणार. वर्गात दोघा-तिघांना सांगूनही झालं होतं.

तसं फार चुकलं नव्हतं. आखाडा हा मुळात कुस्तीचाच शब्द. आणि नागा गोसाव्यांच्या एकेकाळी खरोखरच्या फौजा होत्या, पगार घेऊन लढणाऱ्या. १७६१ ला पानिपतावर अनुपगिरी गोसावी शुजाउद्दौल्याच्या बाजूने उभा होता. म्हणजे आपल्या विरुद्ध! आजोबा काकावर चिडले की हेच ऐकवायचे, "गेला तो गेला, वर शत्रूच्या फौजेत गेला." पुढे इंग्रजांच्या राज्यात फौजा मोडल्या. आता उरलेत ते भाले, ज्यांची पूजा होते आणि पर्वणीला ज्यांना साधूंच्या आधी स्नान घालतात. आणि मिरवणुकीतले तलवारीचे हात. शाओलिनचंही वेगळं नाही म्हणा. १९२८ मध्ये लष्करशहांच्या भांडणात मठ जळाला होता, आणि गर्दी परत आली ती त्या जेट लीच्या १९८२ च्या सिनेमामुळे.

असो. २०१५ चा सिंहस्थ. मी बारावीत. गावातल्या एकाने आधीच्या कुंभात काकाला ओळखलं होतं, आखाड्याचं नाव तेवढं माहीत होतं. आजी म्हणाली, "मला नेऊन आणा, बाकी काही मागत नाही." बाबा तयार नव्हते. संन्यास घेताना माणूस स्वतःचं पिंडदान स्वतः करतो, मग भेटायचं कुणाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी पर्वणीच्या चार दिवस आधी आम्ही गेलो. मी, आजी, बाबा आणि अर्धा किलो बेदाणे.

मी जे पाहिलं ते मठ कमी आणि आमच्या आताच्या कंपनीसारखं जास्त होतं. वर श्रीमहंत, खाली थानापती, हिशोबाला कोठारी, जेवणाला भंडारी आणि शिस्तीला कोतवाल. जनरेटर, पाण्याचे टँकर, चार्जिंगसाठी रांग. काका निघाला कोतवाल! अंगाला राख, कमरेपर्यंत जटा, हातात चांदीने मढवलेली काठी, आणि कानाला फोन. टँकर का आला नाही म्हणून कुणाला तरी हिंदीत झापत होता. लाथा नाहीत, कोलांट्या नाहीत. माझा पार विरस झाला.

त्याने आजीला ओळखलं. नक्की ओळखलं. पण म्हणाला, "आइए माताजी, बैठिए." तिथे येणाऱ्या प्रत्येक बाईला तो हेच म्हणत होता. आजीने बेदाणे पुढे केले. त्याने मूठभर घेतले, वास घेतला आणि पहिल्यांदाच मराठीत बोलला. "पाऊस नाही ना तिकडं?" बाबा म्हणाले, नाही. मग ते दोघं भाऊ पाच मिनिटं पाण्यावर बोलले. बोअरला किती, कडवेला किती, बाग जगेल का. निघताना मी हळूच नंबर मागितला. दिला.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. आजी मात्र खुशीत. "माता तर म्हणला ना? मग झालं तर."

आजी २०२१ च्या जानेवारीत गेली. पहाटे मी काकाला फोन लावला. दशनामी साधूंची परंपरा शंकराचार्यांपासून सांगतात, आणि खुद्द शंकराचार्यांनी संन्यासी असून आईला अग्नी दिला अशी कथा आहे. हे मुद्दे मी डोक्यात जुळवून ठेवले होते, क्लायंट कॉलच्या आधी ठेवतो तसे. एकही वापरावा लागला नाही. "कधी?" "आत्ता, चारला." "अग्नी कोण देणार?" "बाबा." बराच वेळ काही नाही. मला वाटलं कट झाला. मग म्हणाला, "थंडी असेल. लाकडं कोरडी बघून घ्या." आणि ठेवला.

तो आला नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. मला राग आला होता, अजून थोडा आहे.

पण त्यानंतर दर हिवाळ्यात एक होतं. राज्यातलं नीचांकी तापमान निफाडला नोंदवलं गेलं की पेपरात बातमी येते, आणि ती बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरेतल्या कुठल्या तरी घाटावर उघडा बसलेला माणूस पाठवतो. खाली एकच ओळ. "बागेत शेकोट्या केल्या का?"

यंदाही आली, पहाटे साडेपाचला. मी पुण्याहून बाबांना फोन केला. ते बागेतच होते.

"त्याला सांग," बाबा म्हणाले, "तीनपासून पेटवल्यात."